थांबले यतीच्या पाशी

सुपारी फुटायची वेळ टळून गेली तरी बैठकीतून हाक आली नाही, तेव्हा स्वयंपाकघरातल्या तिघींना कळून चुकलं की बाहेर काहीतरी बिनसलं आहे. पुरण वाटून झालं होतं. कटाची आमटी चुलीवर उगाच खदखदत होती. चारुशीला अंजिरी इरकली नेसून पाटावर बसली होती आणि काकूंनी वेणीत खोवलेल्या शेवंतीचा देठ तिच्या मानेला टोचत होता.

"गप्पा मारत बसले असतील," आई म्हणाली. शामलाबाई मुळात फार बोलायच्या नाहीत, आणि बोलल्या तरी बहुधा स्वतःची समजूत घालायलाच बोलायच्या.

"ही गप्पांची शांतता नव्हं, शामला," काकू म्हणाल्या आणि पदराला हात पुसत दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. चंद्रप्रभाकाकू या घरातल्या थोरल्या सूनबाई. बैठकीतलं वारं कुठून वाहतंय ते त्यांना भिंतीतून कळायचं.

तेवढ्यात तात्याच आत आले. मार्तंडतात्या म्हणजे चारुशीलेचे थोरले काका. निजामी अमलात तहसील कचेरीत पेशकार होते. निजामी जाऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्या अंगावरची शेरवानी आणि आवाजातली कचेरी गेली नव्हती. आज मात्र आवाज बसलेला होता. त्यांच्या हातात एक मासिक होतं, मधोमध उघडलेलं.

"चारू, हे तू लिहिलंस?"

तिनं पाहिलं. हैदराबादहून निघणारं मासिक होतं. पानाच्या वरच्या अंगाला बारीक टायपात कविता, आणि खाली तिचं नाव. कुमारी चारुशीला विष्णुपंत उपाध्ये, तुळजापूर. कविता पाठवून तीन-चार महिने झाले होते. संपादकांचं उत्तर आलं नव्हतं, तिनं आशा सोडली होती. आणि आता हे असं. खरं तर तिनं घाबरायला पाहिजे होतं. पण त्या एका क्षणात तिला जे वाटलं तो निव्वळ आनंद होता, इतका उघडा की तो तोंडावर दिसू नये म्हणून तिनं मान खाली घातली.

"व्हय तात्या. मीच लिहिलंय."

"हा यती कोण?"

काकूंच्या तोंडून "अगं बाई" निघालं. आईनं हातातलं वाटण तसंच ठेवलं.

कारण तुळजापुरात यती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस यायचा. घाटाच्या उताराला एक जुनी मठी होती, तिथं दोन सालांपूर्वी एक तरणा गोसावी येऊन राहिला होता. सगळे त्याला यतीबुवा म्हणायचे. गोरा, मितभाषी, डोळे खाली घालून चालणारा. बायका त्याला शिधा द्यायला जायच्या आणि परत येताना एकमेकींच्या चौकशा करायच्या. मुलींच्या शाळेची वाट त्या मठीवरूनच जात होती, आणि चारुशीला त्या शाळेत मराठी शिकवत होती.

"यती म्हणजे कोणी माणूस नाही, तात्या," ती म्हणाली.

"ते मला सांगून काय फायदा? बाहेर सांगायचंय!" तात्यांनी मासिक मिटलं. "मुलाच्या मामांनी, उत्तरेश्वरपंतांनी, स्वतः आणलंय हे पिशवीत घालून. धाराशिवात चार घरी वाचून झालंय म्हणतात." ते गेले. जाताना दार लोटायचं विसरले.

आई तिच्याजवळ येऊन बसली आणि अगदी हळू म्हणाली, "तू कधी गेली होतीस का त्या बुवाकडं?"

"आई!"

"विचारलं फक्त."

"नाही. कधीच नाही."

"मग झालं," आई म्हणाली आणि उठून आमटीखालचा जाळ ओढला.

"झालं कसलं?" काकू दाराच्या फटीला डोळा लावत म्हणाल्या. "हे बघ चारू. हाक आली की बाहेर जायचं. जे विचारतील त्याला व्हय म्हणायचं. लातूरचं स्थळ गेलं, परंड्याचं गेलं. हा मुलगा कलेक्टर कचेरीत आहे, एकुलता एक आहे, आणि चेहऱ्यानं बरा आहे. माझ्या बाजूनं मी सांगितलं."

चेहऱ्यानं तो खरंच बरा होता. चहा देताना चारुशीलेनं ओझरतं पाहिलं होतं. अंबादास त्याचं नाव. कपाळ मोठं, हात स्वच्छ. कप घेताना तो "थँक्यू" म्हणाला होता आणि लगेच मामांकडं बघून गोरामोरा झाला होता.

बैठकीत आता मामांचा आवाज चढला. वडील नसलेल्या भाच्याची बोलणी उत्तरेश्वरपंतच करत होते. ते धाराशिवच्या एका वकिलाकडं कारकून होते, आणि कागद वाचताना त्यांचा आवाज कोर्टातल्यासारखा सपाट व्हायचा. त्या सपाट आवाजात त्यांनी कविता वाचायला घेतली. चारुशीला उठून दाराशी आली. आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"वृत्तात बांधली होते
मापात चालले होते
थांबले यतीच्या पाशी
अन् श्वास मोकळा झाला

गण माझा जुळला नाही
गुरुजागी लघु मी केला
तोडून चरण मी माझा
मोकळीच चालले आता"

मामांनी मासिक मांडीवर ठेवलं.

"आता बघा," मामा म्हणाले. "मी काही पंडित नाही. साध्या माणसाला कळतं तेवढं मला कळतं. वृत्त म्हणजे वागणूक, वर्तन. ते सोडलं. थांबले कुठं, तर यतीच्या पाशी. तिथं श्वास मोकळा झाला! गण जुळत नाही, म्हणजे पत्रिका मानायची नाही. गुरूच्या जागी लघु, म्हणजे मोठ्यांना कमी लेखायचं. आणि शेवटी मोकळी. आमच्याकडं मोकळी कोणाला म्हणतात विष्णुपंत? जिची काडीमोड झाली तिला. आमच्या घरात येण्याआधीच ही मोकळी?"

चारुशीलेला वाटलं, आता अप्पा खाली मान घालतील. तिचे वडील विष्णुपंत हायस्कुलात मराठी शिकवायचे, स्वभावानं गरीब, चार माणसांत तोंड उघडायचे नाहीत. पण अप्पा हसले. तिनं स्पष्ट ऐकलं, ते हसले.

"उत्तरेश्वरपंत, तुमची फार गंमत झाली बघा. अहो, ही कविता कवितेवरच आहे! वृत्त म्हणजे वागणूक नव्हे. कवितेला अक्षरांचं किंवा मात्रांचं माप असतं, त्या मापाला वृत्त म्हणतात. चरण म्हणजे पाय नव्हे, ओळ. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षर, गुरू म्हणजे दीर्घ. असली तीन अक्षरं एकत्र केली की त्याला गण म्हणायचं. पत्रिकेतला गण वेगळा, हा वेगळा."

"आणि यती?"

"यती म्हणजे ओळ म्हणताना मधे जिथं थांबायचं, ती जागा. गाणाऱ्याला दम घ्यायला ठेवलेली. म्हणून तर ती लिहिते, श्वास मोकळा झाला! शाळेच्या कोणत्याही व्याकरणात बघा. आठवीच्या मुलींना शिकवते ती हे."

"आणि मोकळी?"

"मुक्तछंद. वृत्ताचं बंधन न पाळता लिहिलेली कविता. हल्ली तिकडं मुंबई-पुण्याला तसंच लिहितात."

तेवढ्यात तात्यांना अचानक कंठ फुटला. ते शिकले उर्दूत. मराठी कवितेतलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण संधी कळत होती.

"विष्णू बरोबर बोलतोय," ते म्हणाले. "फारसीतही तेच आहे, उत्तरेश्वरपंत. शेराला आमचे मौलवीसाहेब बैत म्हणायचे. बैत म्हणजे घर. आणि शेराच्या एका ओळीला म्हणतात मिसरा, म्हणजे कवाड. दोन कवाडं मिळून एक घर. आता कोणी लिहिलं की मी घराचं कवाड मोडलं, तर काय पोलिसात वर्दी द्यायची? हे शायरीचे शब्द असेच असतात. दिसतात एक, असतात दुसरे."

"अगदी बरोबर, दादा," अप्पा म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दाराशी काकूंनी आईचा दंड दाबला. गेली दहा वर्षं हे दोघे भाऊ एका छपराखाली राहून पंगतीपुरतं बोलायचे. भाकरी वाढ, पंचांग दे, इतकंच. आज दोघं एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. चारुशीलेलाही बरं वाटायला पाहिजे होतं. अप्पांनी तिला काठावर ओढून काढलं होतं.

पण तिला बरं वाटत नव्हतं.

मामा खाकरले. "ठीक. एवढे दोन जाणते सांगतात म्हटल्यावर मी मानतो. पण धाराशिवातली माणसं मानायची नाहीत. तेव्हा दोन गोष्टी करा. एक, पुढल्या अंकात मुलीच्या नावानं खुलासा येऊ द्या की या कवितेला व्याकरणापलीकडं काही अर्थ नाही. दुसरं, लग्नानंतर हे बंद. नोकरी तर सुटेलच, लिहिणंही बंद. मान्य असेल तर आत्ता सुपारी फोडू."

"मान्य," तात्या म्हणाले.

सगळे अप्पांकडं बघत असणार. मग अप्पांचा आवाज आला, पुन्हा नेहमीसारखा गरीब झालेला. "खुलासा लिहील ती. अर्थ तर तेवढाच आहे. दुसरा काही अर्थ नाहीच त्यात."

दुसरा काही अर्थ नाहीच त्यात.

चारुशीलेला तो दिवस आठवला. लातूरच्या लोकांचा निरोप आला होता, मुलीचा राक्षसगण आहे, आम्हाला परवडायचं नाही. सकाळी निरोप आला आणि अकराला ती वर्गात उभी राहून फळ्यावर ओळ लिहीत होती, ओळीच्या मधे यतीची उभी रेघ मारत होती. मागच्या बाकावरची गजरा, येरमाळ्याहून इथं मामाकडं शिकायला आलेली, हात वर करून म्हणाली, "बाई, न्हायच थांबलं तर काय हुतं?" ती म्हणाली, "दम लागतो." म्हणताना तिच्या लक्षात आलं की आपल्यालाच दम लागला आहे. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून तिनं या ओळी लिहिल्या होत्या. त्यात व्याकरण होतं, तिला ते फार आवडायचं. पण त्या व्याकरणात ती स्वतः होती. अप्पांनी कविता वाचवली आणि तिला तेवढं बाहेर काढून ठेवलं.

"चारू," तात्यांची हाक आली. "इकडं ये बेटा."

काकूंनी तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "व्हय म्हण," त्या पुटपुटल्या.

ती बैठकीत गेली. लोडाला टेकून मामा, शेजारी अंबादास, माजघराच्या उंबऱ्याशी वेगळ्या चटईवर त्याची आई मथुराबाई. समोर अप्पा आणि तात्या, इतके जवळजवळ बसलेले की तिला ते ओळखू आले नाहीत.

"तुझ्या वडिलांनी सांगितला तो अर्थ खरा आहे ना?" मामांनी विचारलं.

"खरा आहे."

"शाबास," तात्या म्हणाले.

"पण दुसराही खरा आहे," चारुशीला म्हणाली.

अप्पांनी चटकन वर पाहिलं.

"म्हणजे?" मामा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही म्हणालात तो. सगळा नाही. यतीबुवाशी मी आयुष्यात एक शब्द बोलले नाही, देवीची शपथ घेऊन सांगते. यती म्हणजे थांबायची जागा, हे अप्पा बरोबर म्हणाले. पण ती जागा मला पाहिजे होती. बाकीचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. लातूरच्या लोकांनी राक्षसगण म्हणून मला परत केलं, म्हणून मी लिहिलं की गण माझा जुळला नाही. आणि गुरूच्या जागी लघु केला, कारण या घरात सगळं मोठ्यांच्या मतानं चालतं. त्या जागी मी एकदा माझं लहान मत ठेवून बघितलं."

"चारू, आत जा," तात्या म्हणाले.

"जाते तात्या. पण खुलासा लिहायचा असेल तर हाच लिहीन. या कवितेला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही माझेच आहेत. आणि लिहिणं बंद करीन असं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत, ते मी पाळणार नाही."

"तू कवाड उघडं टाकून बसलीस पोरी," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कवाड उघडायलाच असतं, तात्या. नाहीतर भिंतच बांधली असती."

मामा उठले. त्यांनी उपरणं झटकलं, जणू त्याला काही लागलं होतं. "चला ताई. मुलगी खरं बोलली, उपकार झाले. लग्नानंतर बोलली असती तर आम्ही कुठं गेलो असतो?" अप्पांकडं वळून ते म्हणाले, "शाळेच्या कमिटीवर माझे ओळखीचे आहेत विष्णुपंत. हे त्यांच्या कानावर घालणं माझं काम आहे."

अंबादास उठला. तो काहीतरी बोलेल असं चारुशीलेला उगाच वाटून गेलं. तो आपल्या वहाणांकडं बघत राहिला आणि मग त्या घालून बाहेर गेला.

मथुराबाई मात्र निघता निघता तिच्यासमोर थांबल्या. पांढऱ्या पदराखालून त्यांनी तिला नीट न्याहाळलं. "तुझं खरं असेल पोरी," त्या म्हणाल्या. "पण माझ्या घरात एवढं खरं चालायचं नाही." त्यात राग नव्हता. त्या गेल्यावर बैठकीत नारळ, सुपाऱ्या आणि न उघडलेला कुंकवाचा करंडा उरला.

तात्यांनी आधी अप्पांना धरलं. "बघितलंस? मी माझी फारसी खर्ची घातली हिच्यासाठी! दोन कवाडं, एक घर, काय काय सांगितलं!"

"मी तुला वाचवत होतो," अप्पा तिला म्हणाले. त्यांना तात्या ऐकू येत नव्हते. "चारू, मी तुला वाचवत होतो."

"व्हय अप्पा. मला कळलं ते."

"मग?"

"तुम्ही अर्धी वाचवलीत. उरलेली मी तिथं सोडून कशी येऊ?"

अप्पांनी तोंड फिरवलं. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

"अजून वेळ गेली नाही," तात्या येरझाऱ्या घालत म्हणाले. "मोटार साडेतीनला आहे. स्टँडवर गाठतो मी त्यांना. साधा मजकूर पाहिजे, चार ओळींचा. मुलगी अज्ञान आहे, चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी मजमून सांगतो, हिनं सही करायची. कचेरीत असले माफीनामे शेकड्यानं लिहिलेत मी."

माफीनामा हा शब्द निघाला आणि बैठकीतली हवा पालटली.

दरवाजात उभ्या असलेल्या आईनं चौकट धरली. काकूंनी डोळे मिटले. हा शब्द या घरात अकरा वर्षं कोणी उच्चारला नव्हता. रझाकारीच्या दिवसांत शाळेच्या प्रभातफेरीत विष्णू मास्तरांनी मुलांकडून मराठी गाणं म्हणवून घेतलं होतं, आणि कचेरीतून त्यांच्यापुढं माफीनामा आला होता. तो कागद घेऊन आला होता सख्खा भाऊ. मजमून त्यानंच लिहिला होता. विष्णुपंतांनी सही केली नाही. नोकरी गेली, तुरुंग झाला, आणि ते आत असताना शामलाबाईंच्या मांडीवरचं धाकटं पोर गोवरानं गेलं.

अप्पा सावकाश उठले. त्यांना कोणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि आताही ते ओरडले नाहीत.

"दादा, तो शब्द माझ्यासमोर पुन्हा काढू नका."

"अरे, ती वेळ वेगळी होती. तेव्हा निजाम होता."

"व्हय. तेव्हा निजाम होता, म्हणून नाही म्हणणं सोपं होतं. तो परका होता." अप्पांनी चारुशीलेकडं पाहिलं. "आत्ता मघाशी खुलाशाला मी मान्य म्हणालो. काय बोललो ते मलाच कळलं नाही. ती सही करणार नाही. ती लिहील. कमिटीनं काढलं तर मी पोसायला आहे."

"मग आजपासून चूल वेगळी!" तात्यांचा आवाज फाटला. "या घराची बदनामी करून माझ्या पंगतीत बसायचं नाही कोणी. तू आणि तुझी पोरगी. भांडी वाटून घ्या!"

शामलाबाई निमूट वळल्या आणि फडताळातून एक पातेलं काढायला लागल्या. त्यांच्या अंगात विरोध म्हणून नव्हता. वेगळं व्हा म्हटलं की त्या भांडी मोजायला लागणाऱ्यांतल्या होत्या. पण काकूंनी ते पातेलं त्यांच्या हातून घेतलं आणि परत फडताळात ठेवलं. मग त्या बैठकीत आल्या. नवऱ्यासमोर, दिराच्या देखत, डोक्यावरचा पदर घसरला तरी न सावरता.

"चूल पेटवते कोण या घरात?" त्यांनी विचारलं.

"तू मधे पडू नकोस."

"पहाटे उठून चूल मी पेटवते नाहीतर शामला पेटवते. तुम्ही एकदा तरी फुंकर मारली आहे का तिला? मग वेगळी करायची की एक ठेवायची ते आम्ही दोघी ठरवू. कचेरीतला हुकूम कचेरीत. ती तर गेली."

"चंद्रप्रभा!"

"मी पोरीला सांगितलं होतं व्हय म्हण म्हणून. तिनं माझंही ऐकलं नाही, म्हणून मलाही राग आलाय. पण तुम्ही एकदा या घरातून एक माफीनामा मागितलात, त्याचं काय झालं ते मी बघितलं. त्या पोराला मी न्हाऊ घालत होते." त्यांनी पदर खोचला. "पानं घेते. पुरण वाया घालवायचं नाही. ज्याला बसायचं नाही त्यानं बसू नये."

तात्या बसले नाहीत. ते शेरवानी सावरून बाहेर पडले. बाकीच्या चौघांनी पाहुण्यांसाठी केलेलं जेवण जेवलं. आईनं चारुशीलेच्या पोळीवर न विचारता दुसऱ्यांदा तूप वाढलं.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. कविता गावात पोचली, तीही मासिकातून कमी आणि तोंडोतोंडी जास्त, आणि वाटेत तिची पार वेगळीच गोष्ट झाली. यतीबुवा एका सकाळी मठी सोडून निघून गेला. कोणी म्हणालं बदनामीला भिऊन, कोणी म्हणालं त्याचा मुक्काम तसाही संपला होता. त्याचं चारुशीलेला वाईट वाटलं, कारण त्याचा काहीच संबंध नव्हता. गल्लीतल्या दोन घरांनी हळदीकुंकवाचं बोलावणं टाळलं. शाळेच्या कमिटीनं तिला बोलावून घेतलं. तिनं तिथंही तेच सांगितलं, बसायला खुर्ची दिली नाही म्हणून उभ्यानं सांगितलं. त्यांनी तिला काढलं नाही. कायम करायचं होतं ते मात्र सालभर लांबवलं. तात्या चार दिवसांनी पंगतीला परत बसले. चारुशीलेशी ते बोलत नव्हते. तिचं ताट मांडलेलं असलं की नजर वळवून जेवायचे, पण जेवायचे.

अप्पाही तिच्याशी फारसं बोलत नव्हते. सगळ्यांसमोर त्यांनी तिची बाजू घेतली होती आणि ती कधी मागे घेतली नाही, तरी घरात समोरासमोर आलं की ते पुस्तकात डोकं घालायचे. अर्धी वाचवलीत हे वाक्य त्यांच्यात कुठंतरी अडकून बसलं होतं. चारुशीलेला ते परत घ्यावंसं वाटायचं. मग वाटायचं, परत घेतलं तर तोही माफीनामाच.

एका रविवारी सकाळी ती ओसरीवर मुलींच्या वह्या तपासत होती. अप्पा बाहेर आले. त्यांच्या हातात ते मासिक होतं. त्यांनी स्वतः धाराशिवाहून मागवून घेतलेली प्रत. कव्हर घातलेलं होतं.

ते तिच्यासमोर खांबाला टेकून बसले. बराच वेळ बोटांनी गुडघ्यावर काहीतरी मोजत राहिले.

"चौदा मात्रा," ते शेवटी म्हणाले. "आठावर यती, मग सहा. सगळ्या ओळी चोख आहेत."

"तुम्हीच शिकवलंत."

"शेवटची नाही. शेवटच्या ओळीत पंधरा होतात." त्यांनी पानावर बोट ठेवलं, पण तिच्याकडं पाहिलं नाही. "मोकळी चालले आता, एवढं पुरे होतं. माप बरोबर बसलं असतं. 'मोकळीच' कशाला? तो 'च' जास्तीचा आहे. संग्रहात घेताना काढून टाक."

तिनं हातातली वही मिटली. संग्रह हा शब्द अप्पांच्या तोंडून आलेला होता, त्याकडं ती आधी नुसती बघत राहिली.

"मला माहीत आहे अप्पा. मीही मोजलं होतं."

"मग छापायला देण्याआधी काढायचा."

"दोनदा काढून बघितला. काढला की ओळ बसते, आणि मी बसत नाही. तो राहू द्या."

अप्पांची बोटं गुडघ्यावर पुन्हा चालू झाली. ओठांतल्या ओठांत त्यांनी ती ओळ म्हटली आणि 'च'पाशी अडखळले. आयुष्यभर मापात म्हणणाऱ्या माणसाची जीभ होती ती. त्यांनी परत सुरुवात केली, यावेळी मोठ्यानं, वर्गात म्हणायचे तशी, आणि त्या एका अक्षरावर त्यांनी असा जोर दिला की आत तात्यांनी पंचांगाचं पान उलटायचं थांबवलं.

"मोकळी*च* चालले आता," अप्पा पुन्हा म्हणाले, "हां," आणि तिच्या पुढ्यातल्या वह्यांतल्या निम्म्या उचलून आपल्याकडं घेतल्या.